क्रिएटिनिन वाढलंय, पुढे काय?

वाचकांचे प्रश्न : मूत्रपिंडविकार

मधुमेहावर लिहिलेल्या उत्तरांत मागच्या वेळी मूत्रपिंडांबद्दल ओझरता उल्लेख आला होता. या महिन्यातली बहुतेक पत्रं त्याच उल्लेखावर आहेत. मी नाशिकात किडनीचे रुग्ण तपासते आणि यातले बरेच प्रश्न रोज ओपीडीत ऐकते, त्यामुळे यावेळी फक्त याच विषयाची पत्रं घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत. एक विनंती आहे : इथलं वाचून स्वतःच्या गोळ्या स्वतः बदलू नका. अंक घेऊन आपल्या डॉक्टरांकडे गेलात तर मला आनंदच होईल.

प्रश्न : माझी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. वय ५२. अकरा वर्षांपासून शुगर आहे. विम्यासाठी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन २.१ आलं. मला कसलाच त्रास नाही, लघवी भरपूर होते, रात्रीही दोन-तीनदा उठतो. मग किडनी फेल कशी? छाटणीच्या दिवसांत कंबर धरते म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेतो, एवढंच.

उत्तर : लघवी भरपूर होते म्हणजे किडनी ठणठणीत, या समजुतीपायी फार माणसं उशिरा येतात. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत घेतात. मूत्रपिंड दुखावलं की हे परत घेणं आधी बिघडतं, म्हणून सुरुवातीला लघवी उलट वाढते. रात्रीचं उठणं शुगरमुळेच असेल असं धरून चालू नका.

क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, आणि जीएफआर म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती वेगाने गाळतात त्याचा आकडा. तुमच्या वयाला क्रिएटिनिन २.१ म्हणजे जीएफआर ३७ च्या आसपास. निरोगी तरुण माणसात हा आकडा ९० च्या वर असतो. तीन महिन्यांहून जास्त काळ तो साठच्या खाली राहिला तर आजार दीर्घकालीन समजायचा आणि ‘फेल’ हा शब्द आम्ही १५ च्या खाली वापरतो. म्हणजे तुमची किडनी फेल झालेली नाही, पण निम्म्याहून जास्त ताकद गेली आहे, आणि ती जाताना तुम्हाला काही कळलं नाही. क्रिएटिनिन तसं उशिराच हलतं. त्याच्या कितीतरी आधी लघवीतून प्रथिनं जायला लागतात. ठिबकच्या फिल्टरची जाळी फाटली की वाळू पुढे लॅटरलच्या बारीक नळ्यांमध्ये उतरते, तसं शुगरने आणि बीपीने मूत्रपिंडातली गाळणी खराब झाली की रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरतं. त्याची तपासणी आहे युरिन एसीआर. ३० च्या आत हवी. सकाळच्या लघवीच्या एका छोट्या नमुन्यावर होते, कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होते. शुगर असलेल्या प्रत्येकाने ती दर वर्षी करायला हवी, आणि मला मनापासून वाईट वाटतं की दहा-दहा वर्षं शुगरच्या गोळ्या खाणाऱ्या माणसांच्या फायलीत तिचा एकही कागद नसतो. तुम्ही या आठवड्यात करा. सोबत सोनोग्राफी करा. मूतखडा किंवा प्रोस्टेटमुळे लघवी तुंबून मूत्रपिंड फुगलं असेल तर तेही कळेल. असा अडथळा दूर झाला की गेलेली ताकद कधी कधी काही प्रमाणात परत येते.

आता त्या गोळीबद्दल. ‘एवढंच’ असं तुम्ही लिहिलंय, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. मेडिकलमधून मिळणाऱ्या कंबरदुखीच्या गोळ्यांत बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असतं. ही औषधं मूत्रपिंडात येणारा रक्ताचा ओघ कमी करतात. एप्रिलच्या खरड छाटणीला तुम्ही दिवसभर उन्हात, अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं, त्यात बीपीची गोळी घेत असाल तर ती आणि वरून ही. हे तिन्ही एकत्र आले की धडधाकट मूत्रपिंडालाही दणका बसतो. तुमचं तर आधीच अर्ध्यावर आहे. या गोळ्या बंद. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून, आणि कंबरेसाठी फिजिओथेरपिस्टला भेटा.

उपचार आहेत, आणि पूर्वीपेक्षा बरेच चांगले आहेत. बीपी १३०/८० च्या आत. दिवसाचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा; त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं धरायचं. लघवीत प्रथिनं असतील तर टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल गटातलं औषध मूत्रपिंडाचं रक्षण करतं. ते सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा बघायचं. क्रिएटिनिन किंचित वाढतं, ३० टक्क्यांपर्यंतची वाढ अपेक्षितच असते; त्याला घाबरून गोळी सोडू नका. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्यांनी मूत्रपिंडाची घसरण मंदावते हे आता पक्कं सिद्ध झालं आहे. तुम्हाला चालतील का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर मात्र या गोळ्या आणि टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलची गोळी थांबवायची का, ते त्याच दिवशी फोन करून विचारायचं. मेटफॉर्मिन घेत असाल तर तिचा डोसही आता कमी करावा लागेल.

नीट सांभाळलंत तर डायलिसिसची वेळ अनेक वर्षं लांबू शकते, काहींवर ती येतही नाही.

प्रश्न : माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत, सातपूरला कंपनीत आहेत. बीपीमुळे किडन्या गेल्या. क्रिएटिनिन ७.८ आहे. डॉक्टर म्हणतात हातावर फिस्टुला करून घ्या. हे ऐकत नाहीत. ‘एकदा मशीन लागलं की सुटत नाही, मरेपर्यंत सवय लागते,’ असं म्हणतात. नात्यातल्या एकांनी चूर्ण आणून दिलंय, त्याने कुणाचं तरी क्रिएटिनिन खाली आलं म्हणे. मी काय करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हे उत्तर तुमच्या मिस्टरांनाही वाचायला द्या.

भाऊ, डायलिसिसची सवय लागत नाही. मूत्रपिंडं काम करत नाहीत म्हणून मशीन लागतं. मशीन लागलं म्हणून मूत्रपिंडं बंद पडत नाहीत. या क्रिएटिनिनला तुमचा जीएफआर आठच्या आसपास आहे. अंगात पाणी, पोटॅशियम, आम्ल, युरिया साठत चाललंय. मूत्रपिंडं रक्त तयार होण्यासाठी एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरकही बनवतात. ते कमी झालं म्हणून हिमोग्लोबिन उतरलं असेल आणि जिना चढताना दम लागत असेल. तोंडाला चव नाही, सकाळी मळमळ, अंगाला खाज, झोप उडालेली : यातलं जे असेल ते खरं खरं डॉक्टरांना सांगा. डायलिसिस कधी सुरू करायचं हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही, या तक्रारींवर ठरतं. कदाचित तुम्हाला आज त्याची गरज नसेलही.

पण फिस्टुलाची गरज आजच आहे. त्यात मनगटाजवळ किंवा कोपराजवळ एक शीर धमनीला जोडतात. भूल फक्त तेवढ्या जागेची, बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. जोडलेली शीर फुगून जाड व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. फिस्टुला केला म्हणून डायलिसिस सुरू होत नाही. ज्या दिवशी लागेल त्या दिवशी हात तयार असतो, इतकंच.

हात तयार नसला की काय होतं, ते मी सांगते, कारण घरच्यांना ते आधी कुणी सांगत नाही. माणूस मध्यरात्री येतो. फुफ्फुसात पाणी भरलेलं, आडवं होता येत नाही, स्ट्रेचरवर दोन्ही हात मागे टेकून बसून श्वास ओढत असतो. तेव्हा मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालून डायलिसिस करावं लागतं. जीव वाचतो, पण नळीतून जंतुसंसर्ग रक्तात जाण्याची भीती रोजची, आणि नळी राहून राहून आतली शीर अरुंद झाली तर पुढे त्या बाजूच्या हाताचा फिस्टुलाही नीट चालत नाही. नव्या रुग्णाला मी शक्य असेल तेव्हा डायलिसिसच्या खोलीत नेते आणि तिथल्या एखाद्या जुन्या रुग्णाच्या परवानगीने त्याच्या फिस्टुलावर तळहात ठेवायला लावते. कातडीखाली सारखी थरथर लागते. तो जुना रुग्ण मग स्वतःहून बोलायला लागतो : मी अमुक वर्षांपासून येतो, रिक्षा चालवतो, मुलीचं लग्न केलं. माझ्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा त्या बोलण्याचा उपयोग जास्त होतो. तुमच्या डॉक्टरांना विचारून तुम्हीही एकदा असं बघून या.

तोवर ज्या हातावर फिस्टुला होणार, बहुधा डावा, त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका. हिपॅटायटिस बी ची लस आत्ताच सुरू करा. किडनीच्या रुग्णांना ती दुप्पट मात्रेत द्यावी लागते, आणि जितकी लवकर द्याल तितकी ती चांगली लागू पडते.

चुर्णाबद्दल. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. माणूस खाईनासा झाला, दंड-मांड्या झिजल्या की क्रिएटिनिन खाली येतं, आणि घरचे समजतात गुण आला. प्रत्यक्षात माणूस खंगत असतो. शिवाय काही भस्मांमध्ये पारा आणि शिसं सापडलेलं आहे आणि ॲरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पती तर थेट मूत्रपिंडं नासवतात. पुडीवर घटकांची नावं नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, अशी पुडी जीएफआर आठ असलेल्या माणसाच्या पोटात जाऊ देऊ नका. मी आयुर्वेदाच्या विरोधात लिहीत नाहीये. ज्या वैद्यांना मी मानते तेही अशा अवस्थेतला रुग्ण आमच्याकडे पाठवतात.

खर्चाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मनात असणारच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. सरकारने २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस देण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू केला आहे, तेव्हा सिव्हिलमध्येही चौकशी करा. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास हे वेळापत्रक कंपनीच्या पाळ्यांत बसवता येतं. नाहीच जमलं तर पोटाचं डायलिसिस आहे : पोटात मऊ नळी, त्यातून आत सोडायच्या द्रवाची दोन लिटरची पिशवी, दिवसातून तीन-चारदा घरीच बदलायची. स्वच्छता कडक पाळावी लागते, बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. पेठ-सुरगाण्याकडून आठवड्यात तीनदा नाशिकला येणं ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी तर हा मार्ग मला फार मोलाचा वाटतो. दुर्दैवाने त्यांना तो फारसा कुणी सुचवत नाही.

प्रश्न : नाशिकरोडला राहतो, वय ६१, दीड वर्षापासून डायलिसिसवर. प्रत्येक जण वेगळं पथ्य सांगतो. द्राक्षं चालतील का? शहाळं? डाळी पूर्ण बंद केल्यात. मशीनवर शेवटच्या तासाला पायात गोळे येतात. रात्री खाज सुटते.

उत्तर : द्राक्षं चालतील, दहा-बारा मण्यांची मुठभर. बेदाणे नाहीत, कारण वाळवल्यावर पोटॅशियम एकवटतं. शहाळं अजिबात नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायची आपल्याकडे रीत आहे आणि डायलिसिसच्या माणसाला नेमकं तेच घातक ठरतं. पोटॅशियम वाढलं की कधी पाय गळून जातात, कधी काहीही न जाणवता हृदयाचे ठोके थांबतात. केळी, डाळिंबाचा रस, सुकामेवा टाळा. बटाटा आणि पालेभाजी बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून मग फोडणी द्या. ‘लो सोडियम’ म्हणून जे मीठ विकतात त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, ते घरात आणू नका. सैंधव हेही मीठच आहे. आणि कमरख, ते पाच धारांचं आंबट फळ, शाळेबाहेर तिखटमीठ लावून मिळतं ते, त्याची एक फोडही नको. मूत्रपिंडं बंद असलेल्या माणसात त्यातलं विष मेंदूवर जातं; न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येतात.

डाळी पूर्ण बंद करणं चुकीचं आहे. प्रथिनं कमी खा, हा सल्ला डायलिसिसच्या आधीचा होता. मशीनवर प्रथिनं वाहून जातात, म्हणून आता ती वाढवायला हवीत : वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅमहून थोडी जास्त. अंडं खात असाल तर पांढरा भाग सर्वांत उत्तम. शाकाहारी असाल तर डाळ, पनीर आहारतज्ज्ञांकडून बेतून घ्या. घरच्यांनी प्रेमापोटी जुनंच पथ्य चालू ठेवल्यामुळे वाळत गेलेले रुग्ण मी पाहते, आणि त्यांना साधा सर्दी-तापही झेपत नाही.

पायात गोळे येतात ते दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी फार वाढल्यामुळे. मशीनला ते चार तासांत ओढून काढावं लागतं. आदल्या दिवशी जितकी लघवी झाली, त्यात अर्धा लिटर मिळवा. दिवसाचं पाणी तेवढंच. चहा, आमटी, ताक, मिसळीचा रस्सा त्यातच मोजायचा. मीठ कमी केल्याशिवाय तहान कमी होत नाही, म्हणून पाण्याआधी मीठ आवरा. मधल्या दिवसांत वजन दोन-सव्वादोन किलोच्या वर जाऊ देऊ नका. लग्नसराईत ‘एक डायलिसिस चुकवलं तर चालेल का’ असं सगळे विचारतात. नाही चालणार. आठवड्यातली दोन दिवसांची सलग सुट्टीच मुळात सगळ्यात धोक्याची असते, तिच्यात आणखी भर घालू नका.

खाज बहुधा फॉस्फरस वाढल्याची आहे. त्याची गोळी जेवताना घासाबरोबर घ्यायची असते, जेवणानंतर तासाभराने घेतली तर वाया जाते. फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड संप्रेरक दोन्ही तपासून घ्या. नाहीतर हळूहळू हाडं ठिसूळ होतात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं.

प्रश्न : (पंचवटीतून, एका वाचक भगिनीचं पत्र) मिस्टरांना किडनी द्यायची आहे. सासूबाईंचा रक्तगट जुळत नाही, दीर तयार नाहीत, सगळे माझ्याकडे बघतात. मुलगी सहा वर्षांची आहे. मला काही झालं तर? आणि नाही म्हटलं तर?

उत्तर : आधी तुमची तब्येत. एक मूत्रपिंड दिल्यावर दुसरं कामाचा भार वाढवून घेतं आणि नीट पारखून घेतलेले दाते बहुतेक वेळा पूर्वीसारखंच आयुष्य जगतात. म्हणूनच पारखणं कडक असतं : शुगर, बीपी, लघवीतली प्रथिनं, दोन्ही मूत्रपिंडांचं वेगवेगळं काम, सगळं तपासतात, आणि शंका आली तर दात्याला नाकारतात. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते, काही दिवसांत घरी, महिन्याभरात हलकी कामं. शस्त्रक्रियेचा धोका लहान आहे, शून्य नाही. पुढे आणखी मूल हवं असेल तर ते आधी सांगा, कारण दात्या स्त्रीला गरोदरपणात बीपी वाढण्याची शक्यता थोडी जास्त असते. त्यानंतर आयुष्यभर दर वर्षी बीपी, क्रिएटिनिन, लघवी.

मिस्टरांचं म्हणाल तर त्यांच्या वयाला प्रत्यारोपणाइतका चांगला उपाय दुसरा नाही. नवं मूत्रपिंड ओटीपोटात बसवतात, जुनी सहसा तशीच राहतात. शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं आयुष्यभर, वेळ न चुकवता घ्यावी लागतात. त्यांचा खर्च आधीच विचारून ठेवा, कारण पैशाअभावी गोळ्या थांबल्या की दिलेलं मूत्रपिंड जातं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा खूप जास्त आहे आणि घेणाऱ्यांत पुरुषांची. यात प्रेम आहे, ते मी रोज पाहते. पण न बोललेला दबावही आहे, तोही मी पाहते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने दात्याची स्वतःची, मोकळी संमती लागते. तुम्हाला एकटीला, घरच्यांशिवाय डॉक्टरांशी आणि रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकांशी बोलता येतं. मागा ती वेळ. नको वाटत असेल तर तिथे सांगा. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी सांगितलंत तरी ती थांबते. नकाराचं कारण घरच्यांपर्यंत पोचवायला आम्ही बांधील नाही.

आणि दुसरे रस्ते बंद नाहीत. सासूबाईंचा गट जुळत नाही म्हणून त्या बाद होत नाहीत : दोन कुटुंबांनी आपापले दाते अदलाबदल करून दिले तर चालतं, २०११ च्या दुरुस्तीने कायद्याने त्याला मान्यता आहे. गट न जुळताही प्रत्यारोपण करता येतं, खर्च आणि धोका वाढतो इतकंच. मेंदू मृत झालेल्या दात्याकडून मिळणाऱ्या मूत्रपिंडासाठी नाशिकच्या रुग्णांची नोंद पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत होते. ती नोंद तुमचा निर्णय होण्याची वाट न पाहता आजच करा. यादीत नाव असलं की तुमच्या एकटीवरचं ओझं थोडं हलकं होईल, आणि मग जे ठरवाल ते तुमचं असेल.

प्रश्न : रोज पाच लिटर पाणी प्यायलं की किडनी साफ राहते का? (सिडको)

उत्तर : नाही. तहानेप्रमाणे प्या, उन्हात काम असेल तर जास्त. मूतखडा होऊन गेलेल्यांनी दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यावं. ज्यांच्या पायावर सूज आहे त्यांनी डॉक्टर सांगतील तितकंच.

प्रश्न : सुरगाण्याला मामांना भातलावणीत घोणस चावली. लघवी बंद झाली, नाशिकला आणून काही डायलिसिस केले. आता लघवी होते, डायलिसिस थांबवलंय. परत लागेल का? गावात म्हणतात, एकदा लागलं की लागलंच.

उत्तर : मामांचा आजार वर लिहिलेल्या सगळ्यांपेक्षा वेगळा. घोणसीच्या विषाने रक्ताची गोठण्याची यंत्रणा बिघडते आणि मूत्रपिंडं अचानक बंद पडतात. अशा वेळी डायलिसिस म्हणजे मूत्रपिंडं सावरेपर्यंत दिलेला आधार. ती सावरली की मशीन सुटतं, मामांचं सुटलं तसं. तीव्र जुलाबानंतर, लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापानंतर, एखाद्या औषधाच्या बाधेनंतरही असंच होतं. हे गावात आवर्जून सांगा, कारण ‘लागलं की लागलंच’ या भीतीने असे बरे होऊ शकणारे रुग्ण घरीच ठेवले जातात. साप चावल्यावर आवळून बांधणं, कापणं, मांत्रिकाकडे नेणं यात जाणारा प्रत्येक तास मूत्रपिंडांवर पडतो. प्रतिविष ग्रामीण रुग्णालयात मिळतं, सरळ तिथे न्यायचं.

काही जणांत मात्र मूत्रपिंडाचा काही भाग कायमचा जातो आणि बीपी नंतर वर सरकतं. म्हणून मामांना बरं वाटतंय यावर थांबू नका. पहिल्या महिन्यात एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा क्रिएटिनिन, बीपी आणि युरिन एसीआर करा, मग वर्षातून एकदा. अंगदुखीची गोळी त्यांनाही मना. डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा, पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेले तरी ते आधी दाखवायला सांगा.